पार्कर मास्तरांची गळकी पेनं

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. घरी लहानसं लेथ आहे, त्यावर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, कातून शाईची पेनं बनवतो. आजवर छंद होता, आता त्याचा छोटा व्यवसाय करावा असं मनात आहे. पार्कर कंपनी एका मास्तरांनी विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता उभी केली, असं वाचलं. ही गोष्ट खरी, की जाहिरातीसाठी रचलेली? आणि खरी असेल तर त्यांनी नेमकं काय केलं?

उत्तर : गोष्ट खरी आहे. तुमची शंकाही रास्त आहे, कारण आमच्या क्षेत्रात रचलेल्या गोष्टी पुष्कळ फिरतात. अमेरिकेतले पेन बनवणारे वॉटरमन, त्यांची तुम्ही ऐकली असेल : विम्याच्या करारावर सही होताना पेन गळलं, कागद खराब झाला, गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून त्यांनी चांगलं पेन शोधून काढलं. ही कथा वॉटरमन गेल्यानंतरच्या जाहिरातींतून पसरली. मी ती कुणाला सांगत नाही. वॉटरमन यांचं १८८४चं पेटंट मात्र खरं आहे आणि फार मोठं आहे, त्याकडे पुढे येतो.

जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांचा जन्म १८६३चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या शल्सबर्गचा. त्याच राज्यात, रॉक नदीच्या काठी जेन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे व्हॅलेंटाइन बंधूंची तारयंत्राची शाळा होती. पार्कर तिथे शिकायला गेले आणि शिकून झाल्यावर तिथेच शिकवायला राहिले. पगार बेताचा होता. जोडीला काहीतरी हवं म्हणून त्यांनी सिनसिनाटीच्या जॉन हॉलंड यांच्या फाउंटन पेनांची एजन्सी घेतली आणि ती पेनं आपल्याच विद्यार्थ्यांना विकू लागले. पेनं गळायची, अडायची, कधी एकदम भडाभडा शाई ओतायची. मुलं ती घेऊन परत मास्तरांकडे यायची. मास्तरांनी थोडी हत्यारं आणली आणि पेनं उघडून बघायला लागले. १८८८ साली त्यांनी पेनांचा स्वतःचा उद्योग सुरू केला आणि १८८९ साली पहिलं पेटंट मिळवलं.

इथवरचं सगळे सांगतात. मी गेली तीसेक वर्षं पुण्यात जुनी पेनं दुरुस्त करतो आहे, आणि ही गोष्ट सांगताना लोक तिच्यातल्या दोन जागा सोडून पुढे जातात असं मला नेहमी वाटतं. तुमच्यासाठी त्याच दोन महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा म्हणजे ती शाळा. तारेचा संदेश टकटक असा कानावर पडतो आणि ऐकता ऐकता तो हाताने उतरवून घ्यावा लागतो. पलीकडचा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. टाक दौतीत बुडवायला हात उचलला की दोन शब्द गेले. म्हणून त्या मुलांना पेनात शाई भरलेली असणं ही गरज होती, हौस नव्हती. आणि अशा वर्गात पेन अडलं तर ते सगळ्यांदेखत अडतं. फिरता विक्रेता असता तर पेन विकून पुढच्या गावाला गेला असता. दुकानदाराने कारखान्याकडे बोट दाखवलं असतं. मास्तरांना यातलं काहीच करता येत नव्हतं. आज विकलेलं पेन उद्या सकाळी समोरच्या बाकावर हजर. त्या मुलाचे शाईने भरलेले हात रोज बघायचे आणि त्यालाच शिकवायचं. ज्याला स्वतःच्या शब्दाची चाड आहे अशा माणसाला हे फार दिवस सहन होत नाही.

शिवाय परत आलेलं प्रत्येक पेन म्हणजे एक फुकट मिळालेला धडा होता. एकाच बनावटीची पेनं, एकाच शाळेत, एकसारख्या कामाला वापरलेली, आणि कुणी कशी वापरली हे विचारायला मुलगा समोर उभा. त्या काळच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या मालकालाही इतकी चांगली माहिती मिळत नसेल. मला स्वतःला पेनाबद्दल जे काही कळलं त्यातलं बहुतेक परत आलेल्या पेनांनी शिकवलं, हे मी मनापासून सांगतो.

दुसरी जागा तांत्रिक आहे. ती नीट कळावी म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. तुम्ही पेनं बनवणारे आहात, तुम्हाला याचा उपयोग होईल.

त्या वेळची पेनं ड्रॉपरने भरायची होती. एबोनाइटची पोकळ नळी, तिच्यात सरळ शाई, पुढे बोटं धरायचा भाग, त्यात सोन्याची निब आणि निबखाली एबोनाइटची जीभ. पेन लिहितं म्हणजे काय होतं? शाई जिभेच्या खाचेतून पुढे येते आणि जितकी शाई बाहेर गेली तितकी हवा आत जायला हवी. हवा आत गेली नाही तर पेन अडतं, भसकन गेली तर डाग पडतो. वॉटरमन यांनी १८८४मध्ये जिभेला बारीक चिरा देऊन ही देवाणघेवाण ताब्यात आणली. म्हणजे लिहिताना शाई कशी यावी, हा प्रश्न त्यांनी सोडवला.

पार्कर यांनी पेन लिहीत नसताना काय करतं ते पाहिलं. पेन खिशात उभं असतं, निब वर, टोपण लावलेलं. अशा वेळी बहुतेक शाई नळीच्या तळाशी बसते, पण जिभेच्या खाचेत मात्र थोडी शाई अडकून राहते. खाच इतकी अरुंद असते की तिथली शाई आपल्या वजनाने खाली उतरत नाही. आता खिशात अंगाची ऊब लागली की नळीतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट एकच, जिभेची. त्या वाटेत शाई बसलेली आहे. हवा तिला पुढे ढकलते आणि ती शाई टोपणात जाते. टोपण काढलं की निबचा गळा आणि तुमची बोटं दोन्ही शाईने भरतात. पेन फुटलेलं नसतं, आट्या सैल नसतात, तरी ते गळतं.

हे किती होतं, याचा हिशेब करून बघा. नळीत दीड मिलिलिटर हवा आहे असं धरा. जेन्सव्हिलच्या हिवाळ्यात ५ अंशांच्या गारव्यातून आत आलेलं पेन कोटाच्या आतल्या खिशात ३० अंशांपर्यंत गेलं, तर हवा साधारण ९ टक्के फुगते. म्हणजे सुमारे ०.१३ मिलिलिटर, अडीच थेंब. आपल्याकडे एसी कचेरीतून मे महिन्याच्या उन्हात बाहेर पडलात, २४ वरून ४० अंशांवर, तर साडेपाच टक्के, म्हणजे दीड थेंब. शर्टाचा खिसा खराब व्हायला एक थेंब पुरतो. आणि पेन जितकं रिकामं तितकी हवा जास्त, तितकं गळणं जास्त. शाई संपत आली की पेन जास्त गळतं ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. तिचं कारण हेच.

पार्कर यांनी काय केलं, तर जिभेची मागची शेपटी लांब करून वाकवली, इतकी की ती नळीच्या आतल्या भिंतीला टेकेल. १८९४ साली त्याचं पेटंट मिळालं. लकी कर्व्ह हे त्याचं नाव. शेपटी भिंतीला टेकली की खाचेतली अडकलेली शाई तिच्यावरून भिंतीवर ओघळते आणि खाली उतरते. दूध ओतून झाल्यावर पातेल्याच्या काठाला थेंब लोंबत राहतो, बोट लावलं की तो बोटावर येतो. तत्त्व तेच. आता खाच रिकामी झाली. हवा फुगली तरी ती मोकळ्या वाटेने निघून जाते, शाईला सोबत नेत नाही.

मला हा शोध फार प्रामाणिक वाटतो. त्यात एकही सुटा भाग वाढलेला नाही, स्प्रिंग नाही, झडप नाही. आणि तो ज्याने पेन फक्त लिहून पाहिलं अशा माणसाला सुचणारा नाही. ज्याच्यासमोर दहा मुलांनी सकाळी एकदम टोपणं काढली आणि निम्म्यांचे हात शाईने भरले, त्यालाच ‘हे रात्रभरात काय झालं?’ असा प्रश्न पडतो.

धंद्याच्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो. एका निवृत्त प्राध्यापकांनी वडिलांचं जुनं लकी कर्व्ह माझ्याकडे आणलं. मी जीभ नेहमीसारखी पुढून ओढली आणि शेपटी तुटली. त्यांना तसं सांगितलं, पैसे घेतले नाहीत, पण तो ‘कट्’ असा आवाज अजून आठवतो. तेव्हापासून मी त्या शेपटीचा नीट अभ्यास केला. एबोनाइट गरम पाण्यात मऊ पडतं आणि गार झालं की तो आकार धरतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी तशी वाकडी शेपटी असलेली एक जीभ करून एका साध्या ड्रॉपरच्या पेनात बसवली. शेजारी तसंच पेन, साध्या जिभेचं. दोन्ही रात्रभर निब वर करून उभी ठेवली आणि सकाळी हाताच्या मुठीत धरून गरम केली. साध्या जिभेच्या पेनाच्या गळ्यावर शाईचं कडं आलं. दुसऱ्याच्या निबवर जेमतेम ओल होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांचा हात धरल्यासारखं वाटलं त्या दिवशी.

जुन्या पेनांत ही शेपटी अनेकदा तुटलेली किंवा मुद्दाम कापलेली सापडते. त्याचंही कारण आहे. पुढे पेनांत रबराची पिशवी आली, मागचं बटण दाबून शाई भरायची सोय झाली. शाई नळीत राहिलीच नाही, मग शेपटी टेकायची कुठे? काम संपलं होतं, तरी कंपनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत लकी कर्व्ह नावाने पेनं विकत राहिली, कारण तोवर ते नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. मला हे थोडं खटकतं. नाव ज्या गुणासाठी मिळालं तो गुण उरला नसताना नाव चालवत राहणं मला रुचत नाही.

आता पैशाचं. पेटंट मिळालं म्हणून कंपनी उभी राहत नाही. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कर यांच्याकडे कल्पना होती आणि हातात कसब होतं, भांडवल नव्हतं. विम्याच्या व्यवसायातले डब्ल्यू. एफ. पामर नावाचे गृहस्थ त्यांना भेटले. पामर यांनी १,००० डॉलर दिले आणि त्या बदल्यात व्यवसायात निम्मी भागीदारी घेतली. १८९२ साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली. निम्मा धंदा १,००० डॉलरला, हे ऐकून लोक हळहळतात. मी हळहळत नाही. विकण्याची आणि हिशेबाची जाण असलेला माणूस सोबत आला म्हणून मास्तरांना पेनात डोकं घालायला वेळ मिळाला. लकी कर्व्हचं पेटंट त्यानंतरचं आहे, हे लक्षात घ्या. तुम्हीही मित्राकडून उसने पैसे घेण्यापेक्षा, ज्याला तुमचं काम कळतं आणि विकणंही कळतं असा भागीदार बघा. पण मेव्हण्याला आणि चुलत भावाला घेताना दहा वेळा विचार करा. घरातल्या माणसाला पेन गळतंय हे सांगता येतं, हिशेब चुकतोय हे सांगता येत नाही.

पुढचा प्रवास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी कंपनीने असं पेन काढलं की मागच्या टोपीत शाईच्या गोळ्या ठेवायच्या, एक गोळी नळीत टाकायची आणि पाणी ओतायचं. १९२१ साली मोठं, भडक नारिंगी-लाल ड्युओफोल्ड आलं, किंमत ७ डॉलर. काळ्या पेनांच्या जमान्यात तो रंग आणि ती किंमत दोन्ही धाडसाच्या होत्या, पण ते पेन तुफान चाललं. त्याला २५ वर्षांची हमी दिली होती. हमीच्या कागदावर सही करताना जॉर्ज पार्कर यांच्या मनात जेन्सव्हिलचा तो वर्ग आला असेल का, असं मला उगीच वाटत राहतं. १९३७ साली ते गेले. जगभर गाजलेलं पार्कर ५१ त्यानंतर १९४१मध्ये बाजारात आलं.

शिक्षकाने पेनाचा कारखाना काढण्याचं हे एकच उदाहरण नाही. जपानमध्ये र्योसुके नामिकी हे टोकियोच्या व्यापारी नौकानयन विद्यालयात प्राध्यापक होते. आराखडे काढायच्या पेनांचा त्रास त्यांना रोजच्या कामात जाणवत होता. त्यातून ते पेनाच्या निबकडे वळले, आणि १९१८ साली मासाओ वादा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपनी काढली. आज आपण पायलट म्हणून ओळखतो ती तीच. एबोनाइट उन्हाने चहासारखं तपकिरी पडतं, ही तुमची-माझी नेहमीची डोकेदुखी. त्यावर त्यांनी लाखेचा थर देण्याचा मार्ग काढला. इथेही तेच दिसतं : स्वतःच्या हातातली अडचण, रोज समोर येणारी.

आपल्याकडेही या धंद्याची मुळं लांब जातात. गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून राजमहेंद्रीला रत्नम यांची एबोनाइटची पेनं घडली. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या विकायला सुरुवात केली, घोडा छाप. पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन याच घरातून आलं. मी शाळेत पहिलं शाईपेन भरलं ते कॅमलच्या दौतीतून, आणि तुम्हीही बहुधा त्यातूनच.

आता तुमच्या व्यवसायाबद्दल जे वाटतं ते सरळ लिहितो.

सगळ्यात आधी तुमच्या नोकरीच्या सेवानियमांत खासगी व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि गरज असेल तर संस्थेची लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या विद्यार्थ्यांना पेनं विकू नका. पार्कर यांच्या काळी ते चालून गेलं, ती मुलं मोठी होती आणि कामाचं शिक्षण घेत होती. आज वर्गातल्या मुलाला सरांचं पेन नको म्हणता येत नाही, आणि पालकांना तर त्याहून नाही. त्याऐवजी शिक्षकखोलीत सहकाऱ्यांना पहिली पेनं वापरायला द्या. उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक हा पेनाचा सगळ्यात कडक परीक्षक असतो. शंभर पेपर एका बैठकीत, लाल शाई, मध्येच चहा, मध्येच फोन, पेन उघडंच पडलेलं. शिवाय ती माणसं रोज भेटणार, आणि पेन गळलं तर तुमच्या तोंडावर सांगणार.

बनवण्याआधी वर्षभर दुरुस्ती करा, हा माझा आग्रह आहे. नवीन पेन कातण्यात आनंद आहे, पण त्याने पेन कळत नाही. लोकांची बंद पडलेली पेनं घ्या, नाममात्र पैसे घ्या आणि वही ठेवा. शाई कोणती होती, किती उरली होती, पेन खिशात होतं की पिशवीत, आडवं की उभं, दिवस पावसाळ्याचा की उन्हाळ्याचा. पन्नास पेनांनंतर त्या वहीत तुम्हाला तुमचा प्रश्न सापडेल. तो लकी कर्व्हचा नसेल, तुमचा स्वतःचा असेल. कदाचित आट्यांचा असेल, कदाचित हल्लीच्या शायांचा.

जीभ बाजारातून आयती प्लास्टिकची घेत असाल तर निदान काही पेनांना एबोनाइटची लावून बघा. एबोनाइटवर शाई पसरते, गुळगुळीत प्लास्टिकवर तिचे थेंब होतात. एबोनाइटची जीभही चकचकीत पॉलिश करू नका. दिसायला छान, शाईला नकोशी.

आणि ग्राहकाला पेन देण्याआधी एक चाचणी कराच. पेन पाव भाग भरा, म्हणजे तीन भाग हवा. निब वर करून रात्रभर उभं ठेवा. सकाळी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग काढून लगेच आपल्याच शर्टाच्या खिशात घाला, पांढऱ्या शर्टाच्या, आणि शाळेत जा. दोन तास शिकवून झाल्यावर टोपण काढा आणि कोरड्या कापडाने निबचा गळा पुसा. कापडावर काय उमटतं ते वहीत लिहा. पहिल्या दहा पेनांचे निकाल मला कळवलेत तर मला खरंच आनंद होईल.